बावीस वर्षांचा वळसा

कालच्या आलेखावरच्या तीन शिखरांपैकी मधल्या शिखराच्या डाव्या उतारावर एक खाच होती. रुंदी मिलिसेकंदाचा साधारण चौथा भाग. खोली शिखराच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. एखाद्याला ती छपाईतला दोष वाटली असती. विभावरी गद्रेनं चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला आणि कागद खिडकीशी नेला. खाच तिथंच होती.

“मॅडम, ऐकताय ना?” टेबलापलीकडून ऋजुता येवले म्हणाली. “मी गेली पाच मिनिटं भिंतीशी बोलतेय असं वाटतंय.”

“ऐकतेय. बोल.”

ऋजुता एकोणतीस वर्षांची होती. हिवरेपठार रेडिओ वेधशाळेत येऊन तिला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत ती एकदाही सावकाश बोलल्याचं विभावरीनं ऐकलं नव्हतं. आज तर शब्द एकमेकांवर आदळत होते. काल दुपारी, देशभर पसरलेल्या नव्या अँटेनांच्या जाळ्यानं एक रेडिओ स्फोट टिपला होता. असे स्फोट आता नवे राहिले नव्हते. दूरच्या एखाद्या दीर्घिकेत, बहुधा एखाद्या मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्यावर, काहीतरी तडकतं आणि सूर्य तीन दिवसांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडते. आठवड्याला चारदोन तरी सापडत. पण कालचा स्फोट अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेनं आला होता, आणि त्याच्या वाटेत दीर्घिकांचा एक प्रचंड गुच्छ होता.

ऋजुतानं फळ्यावर एक डोंगर काढला. “घाटाखालून आपल्या पठारावर यायला दोन रस्ते आहेत, हो ना? एक सरळ घाटातून, एक वळसा घालून. एकाच वेळी निघालेल्या दोन जीप वेगवेगळ्या वेळी पोचतात. इथंही तेच आहे. या गुच्छाचं वस्तुमान इतकं की भोवतालचं अवकाशच वाकलंय. मागच्या दीर्घिकेतून निघालेले किरण त्याला तीन बाजूंनी वळसा घालून आपल्याकडे येतात. म्हणून ती दीर्घिका आपल्याला एकाच वेळी तीन ठिकाणी दिसते. स्फोट एकच झालाय, पण हीच तीन शिखरं घेऊन तो आपल्याला तीनदा ऐकू येणार. काल आला तो मधल्या वाटेनं. तिसऱ्या वाटेचा अजून सहा वर्षांनी येईल.”

“आणि पहिल्या वाटेचा?”

“तो येऊन गेलाय!” ऋजुतानं खडू टेबलावर आपटला. “गणित म्हणतं, बावीस वर्षांपूर्वी. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान कधीतरी. पाच अब्ज वर्षांच्या प्रवासात बावीस वर्षांचा फरक. तो दिवस आणि ती वेळ नेमकी सापडली ना, तर विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय ते थेट मोजता येईल. शंभर वर्षांचं भांडण मिटेल, मॅडम. मी जगभरच्या जुन्या नोंदी मागवल्यात. कुणीतरी तेव्हा तिकडे बघत असेलच की.”

“असेल,” विभावरी म्हणाली. तिच्या हातातला कागद तळव्याच्या घामानं मऊ पडला होता.

कुणीतरी बघत होतं. तो दिवस आणि ती वेळ तिला पाठ होती.

*

खंडेनवमीला हिवरेपठारावर काम बंद असे. कार्यशाळेतली सगळी अवजारं धुऊनपुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत एकालाही हात लावायचा नाही. सगळ्या अँटेना त्या दिवशी सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे तोंड करून थांबवलेल्या असत. सात नंबरच्या अँटेनाच्या पायथ्याशी पूजा मांडली जाई, कारण तिथं सावली मोठी पडे.

त्या वर्षी विभावरी एकतीस वर्षांची होती, कायम नोकरीच्या मुलाखतीला महिना उरला होता, आणि त्या दिवशीची कामावरची शास्त्रज्ञ तीच होती. सकाळी वॉकीटॉकीवर सत्यभामा डोकेचा आवाज आला होता. भामा आयटीआय झालेली फिटर होती. हेल्मेटमध्ये वेणी कोंबून तीस मीटर उंच चढणारी वेधशाळेतली ती पहिली बाई.

“मॅडम, सात नंबरच्या तारेचा जोड ढिला वाटतोय. आज दिवसभर ती हलणार नाय. रिसीव्हर चालू ठिवून तपासू का? अवजाराला हात नाय लावत, नुसत्या हातानं बघते.”

“तपास,” विभावरी म्हणाली होती. “आरतीच्या आत खाली ये म्हणजे झालं.”

भामा आरतीच्या आत खाली आली नाही. हात काढला की जोड सुटत होता, म्हणून तो दाबून धरून ती वर बसून राहिली. खाली आरती सुरू झाली, कार्यशाळेचे प्रमुख वामनमामा ताम्हण घेऊन उभे राहिले, आणि कुणीतरी मान वर केली. बारा वाजून एकवीस मिनिटांनी रिसीव्हरनं तीन शिखरं नोंदवली, मधल्याच्या डाव्या उतारावर खाच असलेली. साधारण त्याच सुमारास वामनमामा ओरडले, “पूजा खाली आणि बाई डोक्यावर! देवाच्या पण आणि आमच्या पण!”

प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. कार्यशाळा दोन दिवस कामावर आली नाही. तत्कालीन संचालक सोवनी सरांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि नोंदीतली ती तीन शिखरं त्यांच्या उपयोगी पडली. भामानं पूजेच्या दिवशी ड्रिल मशीन चालवलं, त्याचा हा गोंधळ नोंदीत उमटला, असं ठरलं. परवानगी कुणी दिली, असं त्यांनी विचारलं तेव्हा भामानं समोर बसलेल्या विभावरीकडे बोट केलं. “मॅडमना विचारलं व्हतं.”

खोलीत सहा पुरुष होते. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मला तसं काही आठवत नाही,” विभावरी म्हणाली.

भामा बाहेर गेल्यावर सोवनी सरांनी चहा मागवला. “बायकांना वर चढवलं की हे असं होतं,” ते म्हणाले. मग थोडं हसून, “तुम्ही वेगळ्या आहात, गद्रे. तुमचं बायकांसारखं नाही.”

तिला बरं वाटलं होतं. पुढं आयुष्यभर ज्याची लाज वाटली ते खोटं बोलणं नव्हे. त्याची कारणं तिला देता येत. नोकरी होती, घरी आईचं आजारपण होतं. पण त्या वाक्यानं बरं वाटलं होतं, त्याला काही कारण देता येत नव्हतं.

आणि अहवालावर सही करण्याच्या आदल्या दुपारी तिनं ती नोंद मोजून पाहिली होती. दुरून आलेल्या रेडिओ लहरींची एक खूण असते. वाटेत विखुरलेले इलेक्ट्रॉन त्यांना अडवतात. उच्च कंप्रतेच्या लहरी आधी पोचतात, कमी कंप्रतेच्या मागं राहतात, आणि किती मागं राहायचं याचा नियम कधी चुकत नाही. विभावरीनं आलेखावर तो नियम बसवला. रेघ बिंदूंवरून अशी गेली की जणू तिथूनच काढली होती. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब आला सातशे त्रेचाळीस. त्या दिशेला एवढे इलेक्ट्रॉन आपल्या आकाशगंगेत सापडत नाहीत. ड्रिल मशीनला हा नियम पाळता येत नाही.

तिनं सही केली. भामाची नोकरी गेली. मूळ नोंद नियमाप्रमाणे पुसली गेली. त्याआधी तिनं तिची एक प्रत घरी नेली, स्वतःच्या आकडेमोडीसकट, तारखेसकट. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. गेल्या बावीस वर्षांत तिनं ती प्रत तीनदा नव्या डिस्कवर उतरवून घेतली होती. आता ती पासपोर्टच्या पिशवीत होती.

कालच्या स्फोटाचा आकडा होता सातशे एक्केचाळीस. वाट थोडी वेगळी, म्हणून दोनचा फरक.

*

चौथ्या दिवशी ऋजुता धावतच आली. दार उघडं टाकून, धापा टाकत.

“सापडला! आणि कुठं, सांगा बघू? आपल्याच कपाटात! एका जुन्या चौकशीच्या अहवालाला जोडलाय. आणि मॅडम,” ती हसायला लागली, “खाली तुमची सही आहे!”

विभावरीनं अहवाल हातात घेतला. सहीतला ‘ग’ तरुण होता, ठसठशीत.

“ड्रिल मशीन म्हणे! कसली गंमत आहे. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हां. तेव्हा कुणालाच कळणं शक्य नव्हतं. एकच अँटेना, त्यात ती थांबवलेली. मीसुद्धा ड्रिलच म्हटलं असतं.”

ती तरुण मुलगी मनापासून बोलत होती, हे सर्वांत वाईट होतं. विभावरीला वाटलं, हिनं ओरडावं, संशय घ्यावा, निदान एकदा डोळे बारीक करून बघावं. ऋजुता मात्र तिच्या दंडाला हात लावून उभी होती.

“अडचण एकच आहे,” ऋजुता पुढं म्हणाली. “परीक्षक मंडळ म्हणेल, छापील आलेखावरून नेमकी वेळ काढता येत नाही. आणि ज्या नोंदीवर वेधशाळेनंच दोष म्हणून शिक्का मारलाय ती पुरावा कशी धरायची? मूळ नोंद हवी, ती तर पुसलीय. नाहीतर पहिलं आगमन तळटीपेत जाईल. मग सगळं मुसळ केरात. निदान अहवालातल्या त्या भामाबाई भेटल्या तर? ड्रिल चालू नव्हतं एवढं त्यांनी लिहून दिलं तरी पुष्कळ. गाडी सांगू का उद्या?”

विभावरीला नको म्हणायचं होतं. तिच्या खोलीच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. मागं अँटेना, पुढं हाताची घडी घातलेली ती स्वतः, खाली ‘मुलींनो, उंच चढा’. शाळाशाळांतून ते लागलं होतं. ती कुठल्याही अँटेनावर कधी चढली नव्हती. चौकशीनंतर अठरा वर्षं बाईला वर पाठवायचं नाही असा न लिहिलेला नियम होता. त्यातली शेवटची पाच वर्षं तर विभावरी स्वतः संचालक होती. नियम काढायचा तर तो कधी सुरू झाला हे कुणीतरी विचारलं असतं. शेवटी वरून आदेश आला, नियम गेला, आणि त्याबद्दल तिचा सत्कार झाला. तिनं शाल घेतली होती.

“सांग गाडी,” ती म्हणाली.

*

फाट्यावर ‘डोके सोलर’ अशी पाटी होती. पत्र्याच्या शेडखाली चार सौरपंप उघडून पडले होते, आणि एका पंपाशी मांडी घालून बसलेली चौपन्न वर्षांची बाई दातात वायर धरून काहीतरी सोलत होती. तिनं वर पाहिलं, वायर दातातून काढली.

“या. बसा. खुर्ची एकच हाय, ती पोरीला द्या. तुमी पाटावर बसा.”

विभावरी पाटावर बसली. “भामाताई, कशा आहात?”

“ताई झाले व्हय? तवा भामा व्हते.” तिनं पाण्याचे तांबे पुढं केले. “बरीय. पंप दुरुस्त करते. बाप्ये आधी म्हणायचे, बाईला काय कळतंय. आता पाणी यायचं थांबलं की फोन करत्यात. एकदा जावई आला तर तोबी पंप घिऊन आला.”

ऋजुता हसली, आणि मग तिच्या पद्धतीनं सगळं सांगत सुटली. दीर्घिका, गुच्छ, वळसा, बावीस वर्षं. भामा ऐकताना हात पुसत होती. मध्येच तिनं थांबवलं.

“म्हंजे त्या दिवशी जे आलं ते खरंच वरून आलं व्हतं?”

“पाच अब्ज वर्षं चालत आलं होतं. आणि तुम्ही तो जोड हातानं दाबून धरला म्हणून आपल्याला मिळालं. सगळ्या जगात तेव्हा ते तुम्ही एकटीनं पकडलं, भामाताई!”

भामानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते दुसऱ्याचे होते. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं, ग्रीसचा एक पट्टा गालावर उमटला.

“आईला सांगायला पायजे व्हतं,” ती म्हणाली. “मरंपर्यंत म्हणत व्हती, तू असं कोणतं पाप केलंस गं, का काढलं तुला.”

“एवढं लिहून द्याल का,” ऋजुता हळू आवाजात म्हणाली, “की ड्रिल चालू नव्हतं?”

“कसं असंल चालू? ड्रिल पूजेत व्हतं. हळदकुकू लावलेलं. ह्या मॅडमनीच त्याच्यावर फूल ठिवलं व्हतं, झेंडूचं. मी वरून बघत व्हते.” भामानं विभावरीकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. पंपात बिघाड कुठं आहे ते सांगावं तशी ती बोलत होती. “पण मी लिवून देनार नाय, पोरी. माझं सांगून झालंय. साहेबांच्या खोलीत, सात मानसांपुढं. खरं मानूस एकदा सांगतं. ज्यांचं सांगायचं ऱ्हायलंय त्यांना विचार.”

ऋजुता गोंधळून एकीकडून दुसरीकडे पाहत राहिली. विभावरीनं तांब्या उचलला, पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला. “येतो आम्ही,” ती म्हणाली.

“या,” भामा म्हणाली, आणि वायर पुन्हा दातात धरली.

परतताना जीपमध्ये, घाटाच्या तिसऱ्या वळणावर ऋजुतानं विचारलं, “मॅडम, त्या काय म्हणत होत्या?”

“जुनं प्रकरण आहे, ऋजुता. गैरसमज असतात.”

ऋजुतानं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

*

सोमवारी अकरा वाजता बैठक होती. निबंध संध्याकाळी पाठवायचा होता. सभागृहात बाराजण, आणि पडद्यावर नियामक मंडळाचे अध्यक्ष प्रभुणे सर, पुण्याहून. ऋजुता शेवटच्या खुर्चीवर बसली होती. एरवी ती पहिल्या खुर्चीवर बसे.

“जुन्या नोंदीबद्दल काय लिहिलंय?” प्रभुणे सरांनी विचारलं.

ऋजुता उठली आणि वाचू लागली. “‘त्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या मर्यादेमुळे ही नोंद यंत्रदोष मानली गेली. मूळ नोंद आता उपलब्ध नाही.’” ती सावकाश वाचत होती. प्रत्येक शब्द सुटा, खाली पाहून.

“सुरेख,” प्रभुणे सर म्हणाले. “कुणावर ठपका नाही. पहिलं आगमन तळटीपेत गेलं, वाईट वाटतं. पण इलाज नाही. त्या फिटरबाईंचं काही?”

“त्यांनी लिहून दिलं नाही, सर.”

“का बरं?”

“त्यांना… त्यांना नीटसं आठवत नाही, सर,” ऋजुता म्हणाली आणि खाली बसली.

विभावरीनं तिच्याकडे पाहिलं. ऋजुताचे कान लाल झाले होते. कागदाच्या कडेची ती बारीक बारीक घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. तिला सगळं कळलं होतं. कदाचित जीपमध्येच, कदाचित नंतर अहवाल पुन्हा वाचताना. ते वाक्य तिनंच रचलं होतं, आणि आत्ता सर्वांदेखत ती खोटं बोलली होती, संचालकबाईंची लाज राखायला. तीन वर्षांत ती जे शिकली नव्हती ते या तीन दिवसांत शिकली होती, आणि शिकवणारी टेबलाच्या या टोकाला बसली होती.

“तर मग हे नक्की करू?” प्रभुणे सर म्हणाले. “गद्रे मॅडम, तुमची संमती?”

विभावरी उभी राहिली. तिनं पर्समधली डिस्क काढून टेबलावर ठेवली.

“ऋजुता, ते वाक्य खोड. भामाताईंना सगळं आठवतं. मूळ नोंद उपलब्ध आहे, ही. त्यात माझी आकडेमोडही आहे, सही करण्याच्या आदल्या दिवसाची. ती आकाशातून आलेली लहर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, सर. सत्यभामा डोकेंनी माझी परवानगी घेतली होती, मी ती दिली होती, आणि चौकशीत मी खोटं बोलले. हे जसंच्या तसं, माझ्या नावानिशी निबंधात जाईल. लेखकांच्या यादीतून माझं नाव काढा, तिथं त्यांचं घाला. आणि हे इथं बोलून संपणार नाही. त्या वेळच्या चौकशीत सात माणसं होती. जी हयात आहेत त्यांना याच खोलीत बोलवा, भामाताईंना बोलवा. त्यांच्यासमोर मी हे पुन्हा सांगणार आहे, आणि त्यानंतर या खुर्चीवर मी बसणार नाही.”